प्रयोगशाळेसाठी छोटा सांगाडा घेताना

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

जून जवळ आला की शाळांची प्रयोगशाळा-साहित्याची मागणीपत्रे निघतात. भिंगे, परीक्षानळ्या, स्पिरिटचे दिवे यांच्या यादीत एक ओळ ठरलेली असते : ‘मानवी सांगाडा, १ नग’. उंची किती, कोणते सांधे हलायला हवेत, कवटी उघडायला हवी की नको, याचा पत्ता नसतो. पुरवठादार मग त्याच्याकडे असेल तो नग पाठवतो, आणि त्याला बोल लावता येत नाही. मागितले तेच त्याने दिलेले असते. ही ओळ कशी लिहावी आणि आलेला नग टेबलावर ठेवून कसा तपासावा, एवढ्याचसाठी हे पत्र. पहिल्या वर्षाचे वैद्यकीय विद्यार्थी, फिजिओथेरपी व योगाचे वर्ग चालवणारे, चित्रकलेचे विद्यार्थी आणि टेबलावर सांगाडा ठेवणारे डॉक्टर यांनाही यातले बरेच कामी येईल.

बाजारात छोटे सांगाडे मुख्यतः दोन मापांचे मिळतात, सुमारे ८५ सेंटीमीटर आणि सुमारे ४५ सेंटीमीटर. १७० सेंटीमीटर उंचीचा माणूस धरला तर पहिला निम्म्या मापाचा आणि दुसरा जेमतेम पाव मापाचा. त्याहून लहान नगही असतात, पण ते भेटवस्तूच्या दुकानात शोभतात.

निम्मे आणि पाव यांत कागदावर फार अंतर दिसत नाही. हाडांवर ते कसे पडते, पाहा. कवटीच्या तळाशी फोरामेन ओव्हॅले नावाचे अंडाकृती छिद्र असते. खालच्या जबड्याकडे जाणारी मज्जातंतूची शाखा त्यातून बाहेर पडते. खऱ्या कवटीत ते साधारण ७ मिलिमीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद असते. निम्म्या मापात साडेतीन बाय दोन उरते, पाव मापात पावणेदोन बाय एक. एवढे बारीक छिद्र स्वस्तातल्या पीव्हीसीच्या साच्यात टिकत नाही. त्या जागी नुसता खळगा येतो आणि वर तपकिरी रंगाचा ठिपका दिलेला असतो. मनगटातले सर्वांत लहान हाड, पिसिफॉर्म, मुळातच सेंटीमीटरभराचे. पाव मापात त्याचे अडीच मिलिमीटर होतात आणि ते शेजारच्या हाडांत विरघळून जाते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे : ४५ चा सांगाडा दाखवण्यासाठी घ्यावा, शिकवण्यासाठी ८५ च्या खाली उतरू नये. त्याच पैशांत ४५ चे दोन येतात, या हिशेबाला बळी पडू नये.

उंची विचारताना ती स्टँड धरून की स्टँडशिवाय, हेही विचारावे. बैठक आणि कवटीवरचा हुक धरून सांगितलेली उंची प्रत्यक्षात पाच-सात सेंटीमीटरने कमी भरू शकते. याला सोपा उपाय आहे. मांडीचे हाड सरळ मोजावे. माणसाच्या उंचीच्या पाव भागाहून ते थोडे अधिक असते, म्हणजे ८५ च्या सांगाड्यात २२ ते २३ सेंटीमीटर. ते २० च्या खाली भरले तर एकतर उंची खोटी आहे, नाहीतर प्रमाण. तसेच हनुवटीपासून टाळूपर्यंत कवटी ११ ते १२ सेंटीमीटर असावी. लहान सांगाड्यांत कवटी बऱ्याचदा मोठी केलेली असते, कारण मोठ्या साच्यात दात आणि डोळ्यांच्या खोबण्या नीट उतरतात. तसा सांगाडा दुरून लहान मुलाचा वाटतो. चित्रकलेच्या विद्यार्थ्याने तर मोजपट्टी लावल्याशिवाय घेऊच नये. त्याचा सगळा अभ्यास प्रमाणाचाच असतो.

आता कुणाला काय लागते ते. इयत्ता सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्था येते आणि त्याबरोबर उखळीचा सांधा, बिजागरीचा सांधा, सरकता सांधा. शाळेच्या सांगाड्यात म्हणूनच हाडांवरच्या बारीक खुणांपेक्षा सांधे महत्त्वाचे. खांदा आणि खुबा सगळ्या दिशांना फिरले पाहिजेत, कोपर आणि गुडघा एकाच दिशेने. पुष्कळ छोट्या सांगाड्यांत हे नेमके उलटे असते. खांदा पक्का बसवलेला असतो आणि गुडघा एका स्क्रूवर लोंबतो, त्यामुळे तो पुढेही वाकतो आणि बाजूलाही. असा गुडघा दाखवून बिजागरी शिकवली तर मुले पुस्तकावर विश्वास ठेवतील की डोळ्यांवर?

पहिल्या वर्षाच्या एमबीबीएस, बीएएमएस किंवा फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्याला मात्र पूर्ण छोटा सांगाडा फारसा कामाचा नाही. त्याला हाड हातात घेऊन डावे-उजवे ठरवायचे असते, स्नायू कुठून निघतो आणि कुठे लागतो ते सांगायचे असते. त्यासाठी खऱ्या मापाचा हाफ सेट हवा, म्हणजे कवटी, कणा आणि एकाच बाजूच्या हातापायाची सुटी हाडे. पैसे कमी असतील तर खऱ्या मापाची कवटी, मानेचे पहिले दोन मणके, छातीचा एक, कमरेचा एक आणि पेल्व्हिस, म्हणजे कमरेचे हाडांचे कडे, एवढे सुटे घ्यावे. ८५ चा सांगाडा घेण्यापेक्षा ते कितीतरी बरे. स्नायूंच्या जागा रंगवलेले सांगाडे मिळतात, त्यांत उगमाला लाल आणि शेवटाला निळा हा रूढ संकेत असतो. निम्म्या मापावर हे रंग कसेबसे वाचता येतात. पाव मापावर ती निव्वळ रंगपंचमी.

दवाखान्याचे म्हणाल तर कंबरदुखीच्या रुग्णाला अख्खा सांगाडा दाखवून काही कळत नाही. खऱ्या मापाचा, वाकणारा, चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी बाहेर आलेली दाखवणारा कमरेचा मणक्यांचा तुकडा पेल्व्हिससकट घ्यावा. टेबलावर तो कमी जागा खातो आणि रुग्णाला स्वतःचे दुखणे समोर दिसते.

‘खरी हाडेच का नकोत?’ असे काही शाळा अजूनही विचारतात. १९८५ मध्ये भारत सरकारने मानवी हाडांच्या निर्यातीवर बंदी घातली. तोवर जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत कोलकात्याहून गेलेले सांगाडे असत. आपल्या राज्यात १९४९ चा अॅनॉटॉमी अॅक्ट बेवारस आणि दान केलेले देह रुग्णालयांना व वैद्यकीय शिक्षणसंस्थांना मिळावेत यासाठी आहे, शाळेच्या कपाटासाठी नाही. कुणी स्वस्तात खरी कवटी देऊ केली तर ती कुठून आली हे विचारायच्याही आधी नको म्हणावे. प्राण्यांच्या सांगाड्यांबाबतही तेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतल्या प्राण्याची हाडे परवानगीशिवाय बाळगणे मुख्याध्यापकांना महागात पडेल.

दुसऱ्या टोकाला खेळण्यांतले सांगाडे आहेत. परदेशी भुताखेतांच्या सणासाठी बनणारे हे प्लॅस्टिकचे सांगाडे ऑनलाइन दुकानांत ‘शैक्षणिक’ म्हणून मिसळलेले असतात. ओळखायला सोपे : नाकाची पोकळी बुजलेली, मणक्यांच्या जागी एकसारखे मणी, बरगड्या समोर छातीच्या हाडाला न मिळता मध्येच संपलेल्या. याच जातीच्या कुत्र्याच्या सांगाड्याला तर हाडांचे कान असतात. कानात हाड नसते, कूर्चा असते, आणि ती सांगाड्यात उरत नाही.

खोक्यावर ‘२०६ हाडे’ असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, त्याचाही हिशेब एकदा मांडावा. प्रौढ माणसात २०६ हाडे असतात हे खरे. त्यांत दोन्ही कानांच्या आतली मिळून ६ आणि जिभेच्या मुळाशी असणारे हायॉइड १ अशी ७ हाडे छोट्या सांगाड्यात जवळपास कधीच नसतात. उरली १९९. एका हातात २७ हाडे, एका पायाच्या पावलात २६. चारही मिळून १०६. म्हणजे शरीरातली निम्म्याहून जास्त हाडे हातापायांच्या पंजांत आहेत, आणि छोट्या सांगाड्यात नेमका प्रत्येक पंजा एकाच साच्यातून एकसंध काढलेला असतो. कवटीची २२ हाडे मिळून दोन किंवा तीन तुकडे. त्यामुळे विक्रेत्याला हाडे किती म्हणून विचारू नये, सुटे भाग किती आणि हलणारे सांधे किती ते विचारावे. आकडा लहान आला तरी तो खरा असेल.

आलेला नग तपासायला वरून सुरुवात करावी. कवटीचे झाकण निघायला हवे आणि आत तीन पायऱ्या दिसायला हव्यात. पुढची उंच, मधली खाली, मागची सर्वांत खोल. आत गुळगुळीत वाटी असेल तर झाकण निघण्याचा उपयोग काय? तळाचे मोठे छिद्र, फोरामेन मॅग्नम, आरपार असावे. एक टूथपिक घेऊन डोळ्यांच्या खोबणीच्या मागचे छिद्र आणि फोरामेन ओव्हॅले आरपार आहेत का ते पाहावे. गालाच्या हाडाची कमान कवटीपासून सुटी असावी, तिच्या मागून पेन्सिल गेली पाहिजे. स्वस्त साच्यात ही फट भरून टाकतात, आणि चावण्याचा एक प्रमुख स्नायू ज्या वाटेने जबड्यावर उतरतो ती वाटच बंद होते. दात दोन्ही जबड्यांत सोळा-सोळा, किंवा अक्कलदाढा सोडून चौदा-चौदा असावेत. जबडा दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांनी धरलेला असावा, चिकटवलेला नको.

मानेचा पहिला मणका कड्यासारखा असतो, त्याला पुढचा भरीव भाग नसतो. दुसऱ्याला वर निघालेला खुंटा असतो. मान वळते ती मुख्यतः या जोडीवर. दोन्ही ओळखू येत नसतील तर त्या मणक्यांवर मेहनत घेतलेली नाही, असे समजावे. मग मोजावे : मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५. मोजल्याशिवाय राहू नये. छोट्या सांगाड्यात कमरेचे चार किंवा सहा मणके असण्याचा प्रकार घडतो, आणि तो वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. छातीच्या मणक्यांचे मागचे काटे खाली झुकलेले असतात, कमरेचे आडवे, रुंद आणि चौकोनी. बाजूने पाहिले तर मान आणि कंबर पुढे वळलेली, पाठ आणि कमरेखालचे त्रिकोणी हाड मागे वळलेले दिसायला हवे. सरळ दांड्यावर ओवलेला कणा घेऊ नये. मणक्यांमधल्या गाद्या वेगळ्या रंगाच्या किंवा निदान वेगळ्या मऊ प्लॅस्टिकच्या हव्यात. त्या मणक्यासारख्याच पांढऱ्या असतील तर विद्यार्थी त्यांना हाडातच जमा धरतो.

छातीच्या पिंजऱ्याची एक परीक्षा आम्ही सर्वांत विश्वासाची मानतो. छातीचे मधले हाड, स्टर्नम, वरच्या तुकड्यापाशी किंचित कोन करते. बोटाला तिथे आडवी उंचवटी लागते. दुसरी बरगडी बरोबर त्या उंचवट्याला येऊन मिळते. डॉक्टर बरगड्या मोजतात ते याच खुणेवरून. सांगाड्यात तिसरी किंवा पहिली बरगडी तिथे आली असेल, तर बनवणाऱ्याने खरा सांगाडा समोर ठेवलेला नव्हता, हे नक्की. पुढे वरच्या ७ जोड्या थेट स्टर्नमला, ८, ९ आणि १० वरच्या कूर्चेला, आणि ११ व १२ मोकळ्या. मोकळ्या बरगड्या पुढे कशाला तरी चिकटवलेल्या नकोत. कूर्चा वेगळ्या रंगाची हवी. बरगड्या मागून पुढे येताना खाली उतरतात; आडव्या कड्यांसारख्या दिसणाऱ्या बरगड्या चूक आहेत.

खांद्याचा फरा बरगड्यांना चिकटवलेला असेल तर योगाच्या किंवा फिजिओथेरपीच्या वर्गाने तो सांगाडा परत करावा. फरा धडाला हाडाने जोडला जातो तो फक्त गळ्यालगतच्या क्लॅव्हिकलमधून. बरगड्यांवर तो स्नायूंच्या आधाराने सरकतो, आणि हात डोक्यावर नेताना हीच हालचाल दाखवायची असते. हात खाली असताना फऱ्याचे खालचे टोक सातव्या बरगडीच्या आसपास येते. क्लॅव्हिकलला इंग्रजी एस अक्षरासारखा वळसा हवा, आतला भाग पुढे फुगलेला.

हाताशी आल्यावर तळहात पुढे करावा. आता अंगठा बाहेरच्या बाजूला आणि रेडियस व अल्ना ही कोपराखालची दोन हाडे समांतर दिसली पाहिजेत. तळहात मागे फिरवला की रेडियस अल्नावरून तिरकी जाते. छोट्या सांगाड्यात ही दोन हाडे बहुधा एकाच साच्यात जोडलेली असतात, मग निदान त्यांची स्थिती आणि तळहाताची दिशा जुळायला हवी. हाडे समांतर आणि तळहात मागे, हे जिवंत माणसात होत नाही, तरी अशा जोडणीचे सांगाडे सर्रास दिसतात. बोटांची टोके मांडीच्या मध्यापर्यंत यावीत.

पेल्व्हिस छोट्या सांगाड्यात सर्वांत जास्त बिघडते. दोन्ही बाजूंच्या वरच्या कडा आडव्या रेषेने जोडल्या तर ती रेषा कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. समोरची दोन टोके, ज्यांवर आपण पट्टा बांधताना हात ठेवतो, ती आणि खाली पुढचा सांधा ही बाजूने पाहिल्यावर एकाच उभ्या रेषेत येतात. छोट्या सांगाड्यांत पेल्व्हिस बऱ्याचदा मागे ढळलेले असते, कारण दांडा सरळ बसावा म्हणून ते तसे वळवतात. चित्र काढणाऱ्याची आणि आसने शिकवणाऱ्याची याने मोठीच दिशाभूल होते. पुरुषाचे की स्त्रीचे, हेही पाहावे : पुढच्या सांध्याखालचा कोन पुरुषात अरुंद, स्त्रीत जवळपास काटकोनाइतका रुंद. मागणीपत्रात काही लिहिले नसेल तर बहुधा पुरुषाचेच येते.

मांडीचे हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत झुकते. ते ओळंब्यासारखे सरळ खाली आले असेल तर खुब्याशी त्याच्या मानेचा सुमारे १२५ अंशांचा कोन नीट घेतलेला नाही. गुडघ्याची वाटी आहे का आणि ती मांडीच्या हाडातच कोरलेली तर नाही ना, ते पाहावे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला फिब्युला असते आणि घोट्याशी ती नडगीपेक्षा खाली उतरते. स्वतःच्या घोट्यांना हात लावून पाहिले तरी कळते. पावलाच्या आतल्या बाजूला कमान हवी. पाऊल टेबलावर ठेवून पलीकडचा उजेड दिसला तर ठीक.

हे सगळे तपासायला अर्धा तास पुरतो. बिल पास करण्याआधी विज्ञानशिक्षकाला तो अर्धा तास मिळावा, एवढे खरेदी समित्यांनी पाहावे. मागणीपत्रात साधारण असे लिहावे : ‘मानवी सांगाडा, पीव्हीसी, उंची स्टँडशिवाय सुमारे ८५ सेंटीमीटर, कवटीचे झाकण निघणारे, जबडा स्प्रिंगवर हलणारा, खांदा व खुबा फिरणारे, कोपर व गुडघा एकाच दिशेने वाकणारे, मणके ७, १२, ५, गाद्या व बरगड्यांची कूर्चा वेगळ्या रंगात, हात-पाय काढता येणारे, डावे-उजवे असे ठसे असलेले, धातूच्या दांड्याचा स्टँड, जादा स्क्रू, वायसर व जबड्याच्या स्प्रिंगांचा एक संच, तपासणीत न जुळल्यास बदलून मिळावा.’ प्रयोगशाळा-साहित्याचा मोठा व्यापार हरियाणातल्या अंबाल्याहून चालतो. तिथून माल यायचा असो की गावातल्या दुकानातून, एवढे लिहिलेले असले की दुकानदारही योग्य नग शोधतो.

८५ चा सांगाडा बहुधा सुटा येतो : कवटीसकट धड, दोन हात, दोन पाय, दांडा, बैठक. डाव्या-उजव्याचा घोळ इथेच होतो. ठसे नसतील तर मांडीच्या हाडाचा गोळा आत आणि पाठीमागची खरखरीत उभी कड मागे ठेवावी. एकाच बाजूला ते बसते. दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाला एका बाजूला खोल खड्डा असतो, तो मागे येतो. पायाचा अंगठा आत. चारही स्क्रू आधी अर्धवट बसवावेत, सांगाडा उभा करून सगळे नीट आहे ना पाहावे आणि मगच आवळावेत. मऊ पीव्हीसीत धातूच्या स्क्रूचे आटे पहिल्याच जोरकस पिळ्याला मारले जातात. बोटांनी घट्ट झाला की पाव फेरा पुरे, आणि डोक्याखाली वायसर हवाच. आटे गेलेच तर भोकात दोन भागांचे इपॉक्सी भरून, ते पूर्ण सुकल्यावर बारीक ड्रिलने नवे भोक पाडावे.

दांडा पेल्व्हिसमध्ये बसणारा घ्यावा की सांगाडा कवटीच्या हुकाला टांगलेला? टांगलेल्याला मागून-पुढून फिरवून दाखवता येते, पाय मोकळे राहतात. पण सगळे वजन कवटीवर आणि मानेच्या मणक्यांवर येते आणि काही वर्षांत मान ताणते. शाळेसाठी पेल्व्हिसमधला दांडा बरा. पावले बैठकीपासून बोटभर वर राहतील अशी उंची लावावी. पावले टेकली की गुडघे वाकडे होत जातात.

पीव्हीसीला उष्णता सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पत्र्याच्या खोलीत मे महिनाभर बंद खोक्यात आडवा ठेवलेला सांगाडा जूनमध्ये वाकलेल्या बरगड्या घेऊन बाहेर येतो. वाकलेला भाग हात घालवणार नाही इतक्या गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे धरावा, हलकेच सरळ करावा आणि तसाच धरून गार पाण्यात बुडवावा. उकळते पाणी नको, त्याने हाडाचा आकारच बसतो. खिडकीच्या उन्हात ठेवू नये. पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. थर्माकोलच्या साच्यात आला असेल तर पहिल्याच आठवड्यात तो साचा टाकून द्यावा. मऊ पीव्हीसीतले तेलकट द्रव्य थर्माकोलला खाते आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. जुन्या चादरीत गुंडाळावे.

पुसायला साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश. थिनर किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव लावले की रंग निघतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. बोट तुटले तर फेव्हिक्विक लावण्याचा मोह होतो, पण तो जोड कडक असतो आणि भोवतालचे प्लॅस्टिक लवचिक, म्हणून शेजारीच पुन्हा तुटते. दोन्ही तोंडे पॉलिश पेपरने खरवडून अरल्डाइट लावावे आणि रात्रभर दाबून ठेवावे. कोकणात पावसाळ्यात जबड्याच्या स्प्रिंगा गंजतात. बदलायला पेनातली स्प्रिंग चालते, फक्त दोन्ही बाजूंची एकाच ताणाची घ्यावी, नाहीतर जबडा एकीकडे ओढला जातो.

राहिला हाताचा पंजा. छोट्या सांगाड्यातली ही उणीव थोड्या मेहनतीने भरून निघते. केंद्र सरकारच्या योजनेतली अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांत थ्रीडी प्रिंटर असतोच. मानवी हाडांच्या खुल्या परवान्याच्या थ्रीडी फाइली इंटरनेटवर मिळतात. जपानचा बॉडीपार्ट्स थ्रीडी हा संग्रह त्यांपैकी एक. त्यातून एका हाताची २७ हाडे खऱ्या मापात, सुटी सुटी छापावीत. थराची जाडी ०.२ मिलिमीटर पुरते. मनगटाची आठ हाडे सर्व बाजूंनी गोलसर असल्याने त्यांना खालून आधार द्यावा लागतो, आणि ज्या बाजूला आधार लागतो ती खरखरीत होते. म्हणून सांध्याची बाजू वर येईल असे हाड ठेवावे. आधार काढल्यावर प्रत्येक हाडावर मराठीत क्रमांक घालावा, दीड मिलिमीटरचे भोक पाडून बोटांची हाडे बारीक इलॅस्टिकमध्ये ओवावीत आणि मनगटाची मात्र ओवू नयेत. ती चार-चारच्या दोन रांगांत मुलांनाच लावू द्यावीत. अशा प्रिंटरमध्ये वापरतात ते पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, म्हणून हा हातही सांगाड्याबरोबरच सावलीतल्या कपाटात ठेवावा.

आपले,
शरीररचनाशास्त्र व शालेय विज्ञान शिकवणारे काही शिक्षक